चौथा आठवडा

मी एडवणहून बोलतेय. बचत गटांची सहयोगिनी म्हणून माझा आवाज तुमच्या ओळखीचा आहे, त्यामुळे तुम्हाला वाटेल आता हप्ता आणि नोंदवही निघणार. आज तसं नाही. आज एका उपचाराचा इतिहास सांगायचाय, आणि तो सांगण्याचं कारण आमच्या घरात आहे.

गेल्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "सासूबाईंच्या गालाचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले गाठ पूर्ण काढली. मग आता वर शेक कशाला? आणि शेकाबरोबर सलाईनमधून औषध तरी कशाला? एका रोगाला तीन-तीन इलाज?" ज्याला डॉक्टर रेडिओथेरपी म्हणतात त्यालाच आपल्याकडे 'शेक' किंवा 'लाईट' म्हणतात, हे तुम्हाला माहीत आहे.

हाच प्रश्न २०११ मध्ये आमच्या घरात निघाला होता. माझ्या मावशीला गालाचा कर्करोग झाला होता. तिला लग्नाआधीपासून मशेरीची सवय. मुंबईतल्या एका रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, गाल आणि मानेतल्या गाठी काढल्या. नंतर सांगितलं की ३० शेक घ्या, आठवड्यातले पाच दिवस, सहा आठवडे, आणि बरोबर औषध. मी तेव्हा नुकतीच बी.ए. झाले होते. घरातली शिकलेली मीच, म्हणून कागद माझ्या हातात. आम्ही ठरवलं, एका वेळी एकच. आधी शेक घेऊ, औषधाचं नंतर बघू. शेक सुरू झाला. तेव्हा डहाणूपर्यंतच्या लोकल सुरू व्हायच्या होत्या, त्या २०१३ मध्ये आल्या. सफाळ्याहून गाडी पकडायची म्हणजे पहाटेच घर सोडायचं. चौथ्या आठवड्यात मावशीच्या तोंडात फोड आले, गळ्याची कातडी काळी पडली, पेजही उतरेना. १९ शेक झाले होते. मी म्हटलं, "गाठ तर काढलीच आहे. थोडे दिवस घरी आराम करू, मग उरलेले घेऊ." ते उरलेले ११ कधीच झाले नाहीत. काही महिन्यांनी मानेत पुन्हा गाठ आली. मावशी गेली.

मी दुसरा कुणाला दोष देत नाही. पण ३० हा आकडा कुठून आला, तीन इलाज एकत्र का, हे तेव्हा आम्हाला कुणी समजावलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. नंतर मी ते वाचत गेले. जे समजलं ते आज सांगते.

तोंड, जीभ, गाल, घसा, स्वरयंत्र या भागांच्या कर्करोगावर सगळ्यात जुना इलाज सुरीचा. हा रोग मानेतल्या गाठींमध्ये उतरतो, हे जुन्या शल्यवैद्यांच्या लक्षात आलं होतं. १९०६ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या डॉ. जॉर्ज क्राइल यांनी १३२ शस्त्रक्रियांचा अहवाल छापला. तोंडातल्या रोगाबरोबर मानेतल्या गाठीही काढायच्या, ही पद्धत तिथून रूढ झाली.

किरणांची गोष्ट त्याच्या थोडी आधीची. १८९५ मध्ये जर्मनीत राँटजेन यांना क्ष-किरण सापडले. १८९८ मध्ये पॅरिसमध्ये मेरी क्युरी आणि त्यांचे पती पिएर यांनी रेडियम शोधलं. हे किरण कर्करोगाची गाठ विरघळवतात हे लवकरच दिसलं. पण सुरुवातीला डॉक्टर एकाच वेळी मोठी मात्रा देत. गाठ जाई, पण कातडी आणि आतलं मांसही जळून जाई.

पॅरिसच्या रेडियम संस्थेत डॉ. क्लॉद रेगो होते. त्यांनी मेंढ्यांवर प्रयोग केले. मेंढ्याचं बीज किरणांनी बंद करायचं, तर एका बैठकीत वरची कातडी जळल्याशिवाय ते होत नव्हतं. तीच मात्रा थोडी थोडी करून बऱ्याच दिवसांत दिली, तर बीज बंद होई आणि कातडी टिके. बीज तयार करणाऱ्या पेशी सारख्या वाढत असतात, कर्करोगाच्या पेशीही तशाच. मग त्यांचे सहकारी डॉ. आंरी कुतार यांनी १९२० च्या दशकात घशाच्या आणि स्वरयंत्राच्या रुग्णांना आठवडेच्या आठवडे रोज थोडा थोडा शेक दिला. स्वरयंत्र न कापता काही रुग्ण बरे झाले. म्हणजे आज जगभर कुठल्याही कर्करोगाला रोज थोडा शेक देण्याची जी पद्धत आहे, ती या घशाच्या रुग्णांपासून रुजली.

त्यामागचं कारण सोपं आहे. किरण चांगल्या पेशीला लागतात तसेच रोगाच्या पेशीलाही लागतात. दोन शेकांच्या मधल्या वेळात चांगली पेशी स्वतःला दुरुस्त करते. रोगाच्या पेशीला ते तितकं जमत नाही. म्हणून ३० दिवस. हा आकडा रुग्णालयानं आपल्या सोयीनं ठरवलेला नाही.

आता मुंबईकडे येऊ. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगानं गेल्या. पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. आपल्या देशात या रोगावर चांगला इलाज मिळावा, ही इच्छा त्यांच्या विश्वस्तांनी पुढे नेली आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झालं. तेव्हा खाटा होत्या ८०. आज त्या दारातल्या रस्त्याला ज्यांचं नाव आहे ते डॉ. अर्नेस्ट बोर्जेस, मूळचे गोव्याचे, तिथले नावाजलेले शल्यवैद्य. १९६२ मध्ये हे रुग्णालय केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे गेलं.

अणुऊर्जा म्हटलं की आपल्या पट्ट्यातल्या बाईला तारापूर आठवतं. १९६९ पासून तिथं वीज तयार होते. तेव्हापासून 'किरण' हा शब्द आपल्याकडे भीतीचाच. मला बायका विचारतात, ज्यानं रोग होतो म्हणतात त्यानंच रोग कसा बरा होईल? उत्तर असं की सगळा प्रश्न मात्रेचा आणि जागेचा आहे. शेकाचं यंत्र किरण मोजून, ठरलेल्या जागेवर, ठरलेली मिनिटं देतं. १९५१ मध्ये कॅनडात कोबाल्टची यंत्रं पहिल्यांदा रुग्णांसाठी वापरली गेली. त्यांचे किरण खोल जात आणि कातडी कमी भाजत. आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्रानंही असं यंत्र इथंच बनवलं, त्याचं नाव भाभाट्रॉन. २००५ च्या सुमारास ते नवी मुंबईत खारघरला टाटाच्याच केंद्रात बसवलं गेलं. तारापूरच्या भट्टीत वीज तयार होते. हे यंत्र वेगळं, त्याचं काम वेगळं.

आणखी एक. यंत्रातून बाहेरून दिलेल्या शेकानंतर बाईच्या अंगात किरण राहत नाहीत. तिचं ताट वेगळं करायचं कारण नाही. नातवाला तिच्या मांडीवर द्यायला हरकत नाही. मावशीचं पाण्याचं भांडं आम्ही वेगळं ठेवलं होतं. आजही ते आठवलं की वाईट वाटतं.

तर सुरी होती आणि किरण होते. बरीच वर्षं हे दोन इलाज एकमेकांचे स्पर्धक होते. शल्यवैद्य म्हणत आमचं बरं, किरणवाले म्हणत आमचं. अमेरिकेत ह्यूस्टनला डॉ. गिल्बर्ट फ्लेचर यांनी आणि त्यांच्यासारख्या काही डॉक्टरांनी दोन्हींचं अपयश नीट पाहिलं. मोठ्या गाठीच्या मध्यभागी रक्त आणि प्राणवायू कमी पोचतो, तिथं किरण कमी पडतात. उलट सुरी मधली गाठ काढते, पण कडेला डोळ्याला न दिसणाऱ्या पेशी राहतात. म्हणजे एकाची उणीव दुसरा भरून काढतो. मग प्रश्न आला, शेक आधी की शस्त्रक्रिया आधी? १९७३ मध्ये अमेरिकेत यावर मोठी चाचणी सुरू झाली. शस्त्रक्रियेनंतर शेक दिल्यावर रोग त्या जागी जास्त आटोक्यात राहतो, असं दिसलं. बैठकीतल्या ताईंच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे. डॉक्टर "गाठ पूर्ण काढली" म्हणतात ते डोळ्यांना दिसणाऱ्या गाठीबद्दल. शेक असतो न दिसणाऱ्या पेशींसाठी.

आता तिसरा इलाज, औषध. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये बार्नेट रोझनबर्ग नावाचे शास्त्रज्ञ जंतूंवर विजेचा परिणाम तपासत होते. वीज सोडायला त्यांनी प्लॅटिनमच्या पट्ट्या वापरल्या होत्या. जंतूंची विभागणी थांबली आणि ते दोऱ्यासारखे लांब झाले. नंतर कळलं, करामत विजेची नव्हती, पट्टीतून सुटलेल्या प्लॅटिनमच्या क्षाराची होती. त्यातून सिस्प्लॅटिन हे औषध आलं. १९७८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. रोगाच्या पेशीला शेकानं जी इजा होते, ती दुरुस्त करणं हे औषध तिला जड करून टाकतं. म्हणून ते शेकाच्या जोडीनं जास्त काम करतं.

पण आधी औषध आणि मग शेक, की दोन्ही एकदम? आमच्या घरात आम्ही मनानं 'एकेक' असं ठरवलं होतं, म्हणून हे मला फार लागलं. स्वरयंत्राच्या कर्करोगात याचा नीट पडताळा घेतला गेला. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या ३३२ रुग्णांच्या चाचणीतून दिसलं, की आधी औषध आणि मग शेक दिला तर ६४ टक्के रुग्णांचं स्वरयंत्र न कापता वाचवता येतं. पुढे तीन गट करून ताडून पाहिलं आणि २००३ मध्ये निकाल आला. दोन वर्षांनी स्वरयंत्र शाबूत असलेले रुग्ण नुसत्या शेकाच्या गटात ७० टक्के, आधी औषध मग शेक या गटात ७५ टक्के, आणि दोन्ही एकदम घेतलेल्या गटात ८८ टक्के होते.

जगातल्या अशा ९३ चाचण्यांचा, १७,३४६ रुग्णांचा हिशोब २००९ मध्ये एकत्र मांडला गेला. शेकाबरोबरच औषध घेतलं तर पाच वर्षांनी शंभरामागे साधारण सहा-सात माणसं जास्त जगलेली दिसली. आकडा लहान वाटेल. पण आपल्या ग्रामसंघात दोनशे बायका असतील, तर त्या हिशोबानं बारा-तेरा घरं सावरली, असा त्याचा अर्थ. खरं ते पूर्ण सांगायला हवं म्हणून हेही सांगते, की वय वाढतं तसा औषधाचा हा फायदा कमी होतो. सत्तरीपुढे तो जवळजवळ दिसत नाही. औषधाचा त्रासही असतो. उलट्या होतात, मूत्रपिंडावर आणि ऐकण्यावर परिणाम होऊ शकतो.

म्हणून शस्त्रक्रियेनंतर प्रत्येकीला तिन्ही इलाज लागत नाहीत. २००४ मध्ये युरोपातल्या ३३४ आणि अमेरिकेतल्या ४५९ रुग्णांच्या दोन चाचण्या एकाच अंकात छापून आल्या. दोन्ही एकत्र तपासल्यावर कळलं, की शेकाबरोबर औषधाचा फायदा मुख्यतः दोन प्रकारच्या रुग्णांना होतो. एक, ज्यांच्या कापलेल्या कडेवर रोग सापडला. दुसरे, ज्यांच्या मानेतल्या गाठीचं आवरण फोडून रोग बाहेर आला. शेजारच्या बाईला नुसता शेक आणि आपल्या सासूला शेक-औषध दोन्ही का, याचं उत्तर शस्त्रक्रियेनंतरच्या तपासणी अहवालात असतं. डॉक्टरांना विचारा, "कड स्वच्छ आहे का? गाठीचं आवरण फुटलंय का?" मावशीच्या अहवालात आवरण फुटल्याचं लिहिलं होतं. मी ते वाचलं होतं. त्याचा अर्थ मात्र मला माहीत नव्हता.

हे सगळं परदेशात ठरलं आणि आपण नुसतं पाळलं, असं समजू नका. तोंडाचा कर्करोग आपल्याकडे फार, म्हणून उत्तरंही इथं शोधली गेली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या डॉ. फली मेहता आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ खेडूतांची तोंडं तपासली. तो अभ्यास १९७२ मध्ये छापला गेला. त्या काळच्या अशा पाहण्यांनी मशेरीची सवय उजेडात आणली. ज्या सवयीला आपण 'दात घासणं' म्हणतो, तीच ही.

मानेतल्या गाठी आधीच काढाव्यात की रोग दिसल्यावर, हा जुना वादही परळच्या टाटा रुग्णालयात सुटला. डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी ५०० रुग्णांचा निकाल २०१५ मध्ये मांडला. सुरुवातीच्या टप्प्यातल्या रोगात गाठी आधीच काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के जिवंत होते. नंतर काढू म्हणून थांबलेल्यांपैकी ६७.५ टक्के. २०१८ मध्ये तिथल्याच ३०० रुग्णांच्या चाचणीत सिस्प्लॅटिन दर आठवड्याला थोडं द्यावं की तीन आठवड्यांनी जास्त, हे तपासलं. दोन वर्षांनी रोग त्या जागी आटोक्यात राहण्याचं प्रमाण आठवड्याच्या गटात ५८.५ टक्के आणि तीन आठवड्यांच्या गटात ७३.१ टक्के आलं. पुढे २०२२ मध्ये जपानी डॉक्टरांनी दाखवलं, की आठवड्याची मात्रा थोडी वाढवली तर तीही तितकीच चालते आणि त्रास कमी होतो. २०२३ मध्ये टाटाच्याच डॉक्टरांनी ३५६ अशा रुग्णांचा निकाल छापला ज्यांना सिस्प्लॅटिन सोसणारं नव्हतं. शेकाबरोबर डोसिटॅक्सेल हे दुसरं औषध दिल्यावर दोन वर्षांनी जिवंत असलेले ५०.८ टक्के होते, नुसत्या शेकावर ४१.७ टक्के. म्हणजे मूत्रपिंड कमजोर आहे म्हणून सगळं संपलं, असं आता म्हणता येत नाही. या चाचण्यांत ज्यांनी भाग घेतला ते रुग्ण आपल्यासारखेच. त्यांच्यामुळे आज आपल्याला हे माहीत आहे.

आता येते चौथ्या आठवड्याकडे. १९८८ मध्ये डॉ. रॉडनी विदर्स आणि सहकाऱ्यांनी डोकं आणि मानेच्या कर्करोगाच्या जुन्या नोंदींचा हिशोब मांडला. त्यांना दिसलं, की शेक सुरू झाल्यावर साधारण चार आठवड्यांनी उरलेल्या रोगाच्या पेशी पूर्वीपेक्षा झपाट्यानं वाढायला लागतात. मार बसल्यावर जणू जोर धरतात. पुढच्या अभ्यासांनी सांगितलं, की लांबलेल्या प्रत्येक दिवसामागे रोग आटोक्यात येण्याची शक्यता साधारण एका टक्क्यानं घटते.

तोंड सगळ्यात जास्त दुखतं तेही याच सुमाराला, कारण तोंडातल्या चांगल्या पेशींनाही तोवर पुरेसा मार बसलेला असतो. म्हणजे बाईला थांबावंसं वाटतं तेव्हाच थांबणं सगळ्यात महाग पडतं. मी मावशीला नेमकं त्याच आठवड्यात घरी आणलं. "थोडे दिवस आराम" हे मी मायेनंच म्हटलं होतं.

म्हणून मैत्रिणींनो, लिहून घ्या. शस्त्रक्रियेनंतर शक्यतो सहा आठवड्यांच्या आत शेक सुरू व्हायला हवा, त्यामुळे 'सण झाल्यावर बघू', 'भातकापणी झाल्यावर बघू' असं करू नका. शेकाआधी दात तपासून घ्या, किडके दात नंतर काढणं धोक्याचं असतं. तोंडात फोड आले तर घरी थांबू नका, त्याच दिवशी शेकाच्या विभागात सांगा. मीठ-सोड्याच्या पाण्याच्या गुळण्या, दुखणं कमी करायचं औषध, आणि गिळता येत नसेल तर नाकातून नळी, हे सगळं तिथं मिळतं. नळी म्हणजे शेवट नव्हे, ती पुढे काढतात. तोंड उघडायचे व्यायाम सांगतील ते रोज करा, नाहीतर जबडा आखडतो. मशेरी आणि तंबाखू पूर्ण बंद, उपचार चालू असतानाही आणि नंतरही.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारा. रेल्वेच्या भाड्यात कर्करुग्णाला सवलत असते, त्याचा दाखला रुग्णालयातून घ्या. मुंबईच्या लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यात कर्करुग्णाला बसता येतं, कागद जवळ ठेवा. रोजचा प्रवास झेपत नसेल तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती इथं रुग्ण आणि सोबतीच्या राहण्याची चौकशी करा. जागा लगेच मिळेलच असं नाही, म्हणून आधीच विचारा.

आमच्या ग्रामसंघानं दोन वर्षांपूर्वी एका ताईच्या उपचारात हे करून पाहिलं. अंतर्गत कर्ज दिलं, पण त्याहून उपयोगी पडली ती सोबतीची पाळी. वहीच्या मागच्या पानावर ३० चौकोन आखले, प्रत्येक चौकोनात त्या दिवशी सोबत जाणाऱ्या बाईचं नाव. चौथ्या आठवड्याला आम्ही दोन-दोन नावं लिहिली होती, कारण तेव्हा ताई "नको" म्हणणार हे माहीत होतं. म्हणालीच. एक जण तिच्याजवळ बसली, दुसरी डॉक्टरांकडे गेली, नळी बसली, शेक चुकला नाही. तिसावा चौकोन तिनं स्वतःच्या हातानं भरला. ती आज ठरल्या तारखांना तपासणीला जाते आणि मशेरीचा डबा तिच्या घरात नाही.

बैठकीतल्या ताईंच्या सासूबाईंचा शेक पुढच्या सोमवारी सुरू होतोय, औषधासकट. चौकोन आखून झालेत. पहिल्या तीन आठवड्यांची नावं भरली आहेत. चौथ्या आठवड्यात गुरुवार आणि शुक्रवार अजून रिकामे आहेत. जिला जमेल तिनं उद्या संध्याकाळी ग्रामसंघाच्या खोलीवर यावं. मी तिथंच असेन.